चोराला झोडा म्हणणारे आपणच, लाठीमाराचा निषेध करणारेही आपणच

मार्कंडेयकाठ

सीमाभागातल्या मराठी घरात पोलिसांच्या काठीची एखादी तरी आठवण असतेच. १९८६ च्या जूनमधला कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातला गोळीबार पाहिलेली माणसं अजून गल्लीच्या कट्ट्यावर बसतात. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दर १ जूनला आपण जातो. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढल्यानंतर जो लाठीमार झाला, तो टीव्हीवर सगळ्यांनी बघितला. निपाणीकडच्या लोकांना १९८१ चं तंबाखूचं आंदोलन आणि त्यातला गोळीबार वेगळा सांगावा लागत नाही.

एवढं सोसलेल्या समाजानं तरी पोलिसांनी हात कधी उचलावा आणि कधी उचलू नये याचा नीट विचार केलेला असायला हवा. मला तो फारसा दिसत नाही, म्हणून हा धागा.

गेल्या महिन्यात बेळगावच्या वडगावात पहाटे एक पोरगा सापडला. मागाच्या शेडमधली मोटार उघडून आतली तांब्याची तार पोत्यात भरत होता. वय अठरा-एकोणीस असेल, पायात चप्पल नव्हती. गल्लीनं त्याला लाइटच्या खांबाला साडीच्या किनारीनं बांधलं आणि प्रत्येकानं हात धुऊन घेतला. त्यात सकाळी देवळात जाणारी, एरवी मुंगीला न दुखावणारी माणसंही होती. कुणीतरी फोन केल्यावर मोटारसायकलवरून एकच हवालदार आला. आल्या आल्या त्यानं गाठ सोडली, पोराला भिंतीशी बसवून पाणी दिलं आणि स्वतः मध्ये उभा राहिला. "अण्णा, बाजूला व्हा. आता तो माझ्या ताब्यात आहे."

गल्ली भडकली ती त्या हवालदारावर. चोराला सांभाळता, तुमचं काय ठरलंय त्याच्याशी, असले शब्द मी ऐकले. शेवटी तडजोड काय निघाली? "बरं, इथं नको. आत नेऊन चांगला वाजवा."

हे 'आत नेऊन' मला खटकतं. मागच्या खोलीत कुणाला तरी मारायची मुभा आपण पोलिसांना एकदा दिली की ती चोरापुरती राहत नाही. पुढच्या मोर्चात उचललेला आपला मुलगा त्याच खोलीत जातो, आणि तेव्हा आपण कायदा, हक्क, घटना सगळं बोलायला लागतो. आपल्याला नक्की कसले पोलीस हवेत यावर इथं मोकळेपणानं बोलूया.

माग_चालवतो

लिहायला सोपं आहे. मोटार गेली की माग बंद, माग बंद की मजुरी बंद. आधीच सूत महाग, साडीला भाव नाही. तक्रार द्यायला गेलं की 'बिल आणा, फोटो आणा, उद्या या'. उद्या गेलं की साहेब बंदोबस्ताला. एकदा अशीच चोरी झाली तेव्हा नुसतं पिटिशन घेतलं आणि ते फायलीत जाऊन पडलं. अशा वेळी माणूस सापडलेल्या चोरावर राग काढणार नाही तर कुणावर काढणार? मार बसल्याशिवाय चोर बोलत नाही हे पोलीसही जाणतात. मी त्या गल्लीत असतो तर मीही मारलं असतं, खोटं कशाला बोलू.

शहापूरची सून

वाचतेय. यावर सविस्तर लिहायचं आहे, शाळा सुटल्यावर लिहिते.

काळा_कोट

मागवाले दादा, तुमच्या तक्रारीतला निम्मा भाग शंभर टक्के खरा आहे, आणि त्याच भागावर आपण भांडायला हवं. दखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाची वाट न बघता पोलिसांनी तपास करायचा, अशा गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली सांगितलंय. शेडमधल्या मोटारीची चोरी दखलपात्र आहे. पिटिशन घेऊन ठेवून देणं हा पर्यायच नाही. ठाण्यात घेत नसतील तर नव्या संहितेच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, आपल्या शहराच्या हद्दीत आयुक्तांना. तिथंही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

दुसरा निम्मा भाग मात्र उलटा आहे. मारून चोर बोलतो, पण कोर्टात ते बोलणं शून्य. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. हा नियम इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होता, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. त्याच्या सांगण्यावरून माल सापडला तर सापडण्यापुरतंच बोलणं ग्राह्य धरतात. म्हणून मारून मिळवलेल्या कबुलीवर उभ्या केलेल्या केसेस ढासळतात. पंच फुटतात, वैद्यकीय अहवालात वळ निघतात, आरोपी सुटतो आणि गल्ली म्हणते कोर्टं विकली गेली. तपासच झालेला नसतो हे कुणी बघत नाही.

आणि खांबाला बांधून मारणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की कबुलीसाठी किंवा माल परत मिळवण्यासाठी कुणालाही दुखापत करणं हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि तो फक्त पोलिसांना लागू नाही. चोर पकडायचा हक्क नागरिकाला जरूर आहे. पण पकडल्यावर विनाकारण वेळ न काढता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करायचा.

निवृत्त हवालदार

मी कर्नाटक पोलिसात उभी हयात काढली. घर मराठी, नोकरी कन्नडमधून, आणि दोन्हीकडच्यांनी मला दुसऱ्या बाजूचा धरलं. त्या पहाटेच्या हवालदारानं केलं ते अगदी बरोबर केलं. एकटा माणूस चिडलेल्या गल्लीपुढे उभा राहतो तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे.

आता आतलं सांगतो. पोलीस मारतो ते प्रत्येक वेळी क्रूर असतो म्हणून नाही. मारणं हा तपास टाळायचा रस्ता आहे. तांब्याची तार चोरीला गेली तर ती कुठंतरी विकली जाणार. भंगारवाल्यांकडे जायचं, त्यांच्या वह्या बघायच्या, तार कुणाकडून घेतली विचारायचं, आधीच्या चोऱ्यांशी जुळवायचं, ठसे घ्यायचे. यात दिवस जातात. झोडलं तर अर्ध्या तासात एक नाव मिळतं, खरं की खोटं ते नंतर. आणि वरून सारखा फोन: "कबूल झाला का?"

दिवस कुठून आणायचे? ठाण्यात गुन्ह्यांचा पीएसआय म्हणजे फौजदार वेगळा, कायदा-सुव्यवस्थेचा वेगळा, अशी वाटणी आहे. बंदोबस्त लागला की दोघेही रस्त्यावर. आपल्याकडे बंदोबस्त कधी नसतो सांगा! शिवजयंतीचे चित्ररथ, गणपती विसर्जन, १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी, डिसेंबर आला की सुवर्णसौधमधलं विधिमंडळाचं अधिवेशन. अधिवेशनाला बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली पोरं मंगल कार्यालयात सतरंजीवर झोपतात, आंघोळीला रांग. विसर्जनाला सकाळी उभा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर घरी जातो. एवढ्या वेळात त्याला कुणी चहा विचारत नाही आणि डीजे बंद करा म्हटलं की तो मराठीद्वेष्टा ठरतो.

२०१६ च्या जूनमध्ये कर्नाटकातल्या पोलिसांनी सामूहिक रजेची हाक दिली होती. पोलिसाला युनियन करता येत नाही, १९६६ चा कायदा आड येतो, म्हणून रजेचा मार्ग. ती हाक दडपली गेली, पण त्यानंतर पगारासाठी औरादकर समिती बसली. त्या वेळी किती मंडळांनी, किती संघटनांनी आमच्या बाजूनं एक निवेदन दिलं?

आणि एक बोलतो, राग येऊ दे. ठाण्यात मार कुणी खाल्ला हे मी बघितलंय. ज्याच्यासाठी फोन येतो तो खुर्चीवर बसतो. नगरसेवकाचा भाचा, पंचांचा मेहुणा, संस्थेच्या संचालकाचा ड्रायव्हर. ज्याच्यासाठी कुणाचाच फोन येत नाही तो आतल्या खोलीत जातो. फोन करणारी माणसं समाजातलीच असतात.

खानापूरकर

काका, शेवटच्या परिच्छेदाला +१.

शहापूरची सून

हवालदारकाकांनी लिहिलेल्या 'ज्याच्यासाठी फोन येत नाही' त्या माणसांत ठरावीक जमाती सतत का असतात तेही बोलूया. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ साली गेला, पण चोरी झाली की संशयाचं बोट पहिल्यांदा पारधी किंवा कंजारभाट वस्तीकडेच जातं. माझ्या वर्गात त्या वस्तीतली मुलं आहेत. पेन हरवलं तरी सगळ्यांच्या माना एकाच बाकाकडे वळतात. पोलिसांचा पूर्वग्रह पोलिसांच्या शाळेत नंतर पक्का होत असेल, सुरुवात माझ्या वर्गात होते. मी ते थांबवायचा रोज प्रयत्न करते आणि पालकसभेत त्यासाठी भांडते.

दुसरा मुद्दा बेळगाव तालुक्यातल्या होसवंटमुरीचा. ११ डिसेंबर २०२३. मुलगा मुलीला घेऊन गेला म्हणून त्याच्या आईला घरातून ओढून काढलं, विवस्त्र करून फिरवलं, खांबाला बांधलं. त्याच दिवसांत सुवर्णसौधमध्ये अधिवेशन चालू होतं, मंत्री-आमदार सगळे बेळगावात. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठानं पोलिसांना तर विचारलंच, पण गावालाही विचारलं की एवढी माणसं उभी राहून बघत होती ती पुढे का आली नाहीत. इंग्रज गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या काळात गावाकडून सामुदायिक दंड वसूल केला जायचा याची आठवण न्यायालयानं काढली. संबंधित निरीक्षक निलंबित झाले. एक माणूस त्या बाईला सोडवायला धावला होता, त्यालाही मार बसला.

मार्कंडेयकाठ, तुमच्या गल्लीतला खांब आणि हा खांब यांत गुन्ह्याचा फरक जमीन-अस्मानाचा आहे, मी दोन्ही एका मापानं मोजत नाही. पण माणूस बांधून ठेवायचा आणि गर्दीनं न्याय करायचा ही सवय एकच आहे. चोरापासून सुरू झालेली ती सवय बाईच्या अंगावर येते. बाईच्या बाजूला तर ठाण्यात जायचीही सोय नसते. घरातले म्हणतात, ठाण्याची पायरी चढलीस तर परत येऊ नको.

चंदगडी

मी हद्दीच्या पलीकडचा, पण शेती अलीकडे आणि सासर खानापूर तालुक्यात, त्यामुळे दोन्ही राज्यांच्या पोलिसांशी संबंध येतो. एक फरक नोंदवतो. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं गावोगाव पोलीस पाटील आहे. तो गावातच राहतो, भांडण कुठं शिजतंय ते त्याला आधी कळतं. कर्नाटकात वतनी गावकामगार कायद्यानं गेले, १९६३ पासून पाटीलकी संपली. सासरवाडीत काही झालं की बीटचा पोलीस तालुक्याहून येणार. पावसाळ्यात कणकुंबीकडच्या गावात तो पोचेपर्यंत भांडणाऱ्यांची जेवणं झालेली असतात.

आमच्याकडचा पोलीस पाटील नेहमी चांगलाच असतो असं मात्र मी म्हणणार नाही. तंटामुक्तीच्या नावाखाली बायकांच्या तक्रारी गावातच मिटवल्या गेलेल्या मी बघितल्यात. शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला, बाई परत त्याच घरात. ताईंनी लिहिलं तेच.

निवृत्त हवालदार

चंदगडकर, बीटचं बरोबर बोललात. २०१७ पासून आमच्याकडे प्रत्येक पोलिसाला ठरावीक भाग वाटून दिलाय, त्या भागातल्या घरांशी ओळख ठेवायची. अलीकडे घरोघरी पोलीस जायची योजनाही आली. कल्पना चांगली आहे. पण ओळख व्हायला माणूस टिकायला लागतो. प्रकाश सिंग खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षं एका जागी ठेवा म्हणून सांगितलं. ते किती पाळलं जातं ते आपल्या गल्लीतल्या पोरांना विचारा, गेल्या तीन गणपतींत शांतता समितीच्या बैठकीला तेच साहेब होते का म्हणून. आमदार बदलला की साहेब बदलतो, आणि जो साहेब आमदाराच्या चिठ्ठीनं येतो तो आमदाराच्या फोनला नाही कसं म्हणणार?

खाकीचं_स्वप्न

मी पीएसआय परीक्षेचा अभ्यास करतो, राहणार हुक्केरी तालुका. ५४५ जागांची २०२१ ची परीक्षा झाली, त्यात उत्तरपत्रिकांत फेरफार निघाले, परीक्षा रद्द झाली आणि भरती विभागाचे प्रमुख असलेले अतिरिक्त पोलीस महासंचालकच अटकेत गेले. २०२४ च्या जानेवारीत फेरपरीक्षा. त्या काळात माझ्याबरोबरच्या कितीतरी जणांचं वय निघून गेलं. जो पैसे मोजून खुर्चीत बसेल तो ते कुणाकडून वसूल करणार हे आमच्या आईलाही कळतं. शिकवणीत नीतिमत्तेचा पेपर पाठ करून घेतात, पण भरतीतच घाण असेल तर त्या पेपरचं काय करायचं? मला प्रामाणिकपणे नोकरी करायची आहे. हे वाचून धीर येतो आणि भीतीही वाटते.

निवृत्त हवालदार

पोरा, अभ्यास सोडू नको. तुझ्यासारखे आत आले तरच वडगावातल्यासारखा हवालदार गल्लीपुढे एकटा पडणार नाही. आणि कन्नड पक्कं कर, नुसतं परीक्षेपुरतं नको. जबाब लिहिताना माणसाचं बोलणं जसंच्या तसं उतरवता आलं पाहिजे, समोरचा मराठी असो, कन्नड असो की उर्दू.

खानापूरकर

जबाबावरून विचारतो. शेजारच्या भांडणात आईचा जबाब घेतला. ती मराठीत बोलली, लिहिलं कन्नडमध्ये. तिला कन्नड वाचता येत नाही. सही कर म्हणाले, तिनं अंगठा दिला. आत काय लिहिलंय ते आम्हाला आजही नीट ठाऊक नाही. ठाण्यातल्या लोकांची वागणूक वाईट नव्हती, घाई होती. पण असं चालतं का?

काळा_कोट

आधी हे बघायचं की आईंनी तक्रार दिली की साक्षीदार म्हणून जबाब दिला. तक्रार तोंडी दिली तर ती लिहून घेऊन वाचून दाखवायची आणि मग सही घ्यायची, हे कलम १७३ मध्येच आहे. वाचून दाखवणं म्हणजे तिला समजेल असं वाचून दाखवणं. साक्षीदाराच्या जबाबावर तर पोलिसांनी सही घ्यायचीच नसते. आणि आईंना ठाण्यात बोलावलं होतं का? साक्षीदार म्हणून बाईला तिच्या घराबाहेर कुठं यायची सक्ती करता येत नाही, साठीच्या पुढच्या पुरुषालाही नाही. कलम १७९. पोलिसांनी घरी यायचं.

भाषेबद्दल घटनेचं कलम ३५० पाठ करून ठेवा. राज्यात किंवा संघात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं देण्याचा हक्क आहे. म्हणजे मराठीत लिहिलेली तक्रार 'मराठीत आहे' म्हणून परत करता येत नाही. आपल्या हातानं मराठीत लिहा, दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. दखलपात्र नाही असं म्हणाले तर तसं एंडोर्समेंट, म्हणजे शेरा, लेखी मागा. यात पोलिसांशी भांडण नाही. लिहून घेणाऱ्या हवालदाराचीही पुढे त्यानं सुटका होते, 'मी असं म्हटलंच नव्हतं' हा वाद उरत नाही.

माग_चालवतो

वकीलताई, माझ्या चोरीचा एफआयआर झाला. तुमचं वाचून परत गेलो आणि कलमाचं नाव घेतल्यावर घेतला. तार भंगारवाल्याकडं सापडली, हवालदारकाका म्हणाले तसंच. आता ती ठाण्यात पडून आहे आणि केस संपेपर्यंत मिळणार नाही म्हणतात. मग मला काय मिळालं?

काळा_कोट

मिळते. कोर्टात माल सुपूर्त करून घ्यायचा अर्ज करा. फोटो काढून, पंचनामा करून, बॉन्ड घेऊन माल मालकाला द्यायचा, ठाण्यात कुजवायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई देसाई प्रकरणातच सांगितलं होतं. आता नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये त्यासाठी मुदतीही घातल्यात. मोटार घेतल्याचं बिल नसेल तर रिवायंडिंगवाल्याची पावती जोडा.

माग_चालवतो

पावती आहे. करतो अर्ज.

चोराला मारू नये हे अजून माझ्या गळी पूर्ण उतरलेलं नाही. पण भंगारवाल्याची वही आधी कुणी बघितली असती तर त्या पोराच्या आधीच्या चोऱ्याही थांबल्या असत्या, एवढं पटलं.

मार्कंडेयकाठ

आमच्या मंडळाची परवा बैठक झाली. दर वर्षी शांतता समितीत आपण मिरवणुकीचा मार्ग, डीजे आणि वेळ यांवरच बोलून परत येतो. यंदा लेखी निवेदन द्यायचं ठरलंय. आत चार गोष्टी आहेत: तक्रारीची शिक्क्याची प्रत तिथल्या तिथं मिळावी, मराठीत दिलेला अर्ज घ्यावा, अटक केलेल्यांची नावं ठाण्यात ठळकपणे लावावीत (नव्या संहितेच्या कलम ३७ मध्ये आहे), आणि ठाण्यातले सीसीटीव्ही चालू आहेत का ते सांगावं. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली प्रत्येक ठाण्यात, कोठडीतसुद्धा, कॅमेरे लावायला सांगितलेत.

पाचवी गोष्ट बायकांनी घालायला लावली आणि ती पोलिसांकडे नाही, आपल्याकडे मागितलीय. चोर सापडला तर ११२ ला फोन, पोलीस येईपर्यंत कुणीही हात लावायचा नाही, आणि लावला तर मंडळ त्याच्या जामिनाला उभं राहणार नाही. यावर दोन तास वाद झाला. दोघे उठून गेले. ठराव झाला.

निवृत्त हवालदार

निवेदनात सहावं कलम घाला. विसर्जनाच्या रात्री बंदोबस्ताच्या माणसांना, बायका पोलिसांना विशेषतः, मंडळाच्या शेजारच्या घरातलं स्वच्छतागृह वापरायला मिळावं. हे कुणी कधी विचारत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या पोरी पाणी पिणं टाळतात.

शहापूरची सून

काका, आमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावरच आहे. खालच्या मजल्याचं दार उघडं ठेवते. शेजारच्या दोघींनाही विचारते आणि इथं कळवते.